सुती स्वेटर खांद्यावरून लोंबतोय. उसवू की राहू देऊ?

पत्राचा सारांश: नाशिकच्या एक वाचक, वय ६१, शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त. विणकाम लहानपणापासून हातात आहे. घरातल्यांचे स्वेटर, टोप्या, नात्यातल्या कितीतरी बाळंतविड्यांतली टोपडी-मोजे त्यांनीच विणले. मुलगी बेंगळुरूला नोकरी करते, मैत्रिणींबरोबर फ्लॅटमध्ये राहते. तिला लोकर पहिल्यापासून टोचते आणि ॲक्रेलिक नको वाटतं. तिने हौसेने एक किलो शुद्ध सुती धागा आईला पाठवला आणि वेण्यांची नक्षी असलेला, पुढे बटणांचा, पूर्ण बाह्यांचा स्वेटर मागितला. ताईंनी जुन्या मासिकातला लोकरीचा नमुना काढला, त्यातलेच टाके आणि तेच सुयांचे नंबर घेतले आणि चार महिने दुपारच्या दुपार बसून तो विणला. विणताना फार छान वाटायचं, असं त्या लिहितात. सुयांवर असेपर्यंत स्वेटर देखणा दिसत होता. मुलीने घातला, एकदा धुतला, दोरीवर वाळत टाकला, आणि खांदे दंडावर उतरले, बाह्या तळहातावर आल्या, खालची बॉर्डर पसरली, वेण्या चपट्या झाल्या. वजन साडेआठशे ग्रॅम. मुलगी "छान झालाय गं आई" म्हणाली, पण त्यानंतर दोन व्हिडिओ कॉलवर ती दुकानातल्या जॅकेटमध्ये दिसली. ताई विचारतात: माझा हात गेला का? उसवला तर चार महिने पाण्यात गेले. धागा चुकला असं सांगितलं तर मुलीचं मन दुखेल, नाही सांगितलं तर आईला आता जमत नाही असं तिला वाटेल. आता विणणंच थांबवावं का?

ताई, नमस्कार.

आधी तुमच्या हाताबद्दल बोलते, कारण पत्रात सगळ्यात जास्त दुखणं तेच आहे. हात गेला की ते सुयांवरच दिसतं. टाके कुठे ओढलेले, कुठे सैल पडतात, वेणीची पाळी चुकते, कडा वाकडी येते. तुम्ही पाठवलेल्या फोटोत यातलं काहीही नाही. वेण्या एकाच बाजूला वळल्यात, दोन्ही पुढे सारख्या लांबीचे आहेत, शिवण सरळ आहे. बिघाड सुरू झाला तो धुतल्यानंतर आणि घातल्यानंतर. म्हणजे तो धाग्याच्या स्वभावातून आलाय.

लोकर आणि कापूस हे दोन तंतू इतके वेगळे आहेत की एकासाठी लिहिलेला नमुना दुसऱ्यावर जसाच्या तसा चालला तर आश्चर्य मानावं. लोकरीच्या तंतूला जन्मतःच बारीक नागमोडी असते. ताणला की ती सरळ होते, सोडला की तंतू स्प्रिंगसारखा परत जागेवर येतो. कोरडा लोकरीचा तंतू मूळ लांबीच्या साधारण २५ ते ३५ टक्के ताणला जाईपर्यंत तुटत नाही. कापसाचा ५ ते १० टक्क्यांतच तुटतो, आणि जेवढा ताणलाय तेवढा परत येण्याची ओढही त्यात फार कमी. तुमच्या नमुन्यातल्या एक सुलट-एक उलट बॉर्डरचं सगळं काम या परत येण्यावर चालतं. लोकरीत ती मनगटाला आणि कमरेला धरून राहते. सुती धाग्यात एकदा हात घातला की पसरते ती पसरतेच.

दुसरं वजन. कापसाचा तंतू मुळात लोकरीपेक्षा जड. घनता बघितली तर एका घन सेंटीमीटरला कापूस १.५४ ग्रॅम आणि लोकर १.३१ ग्रॅम. शिवाय लोकरीच्या धाग्यात नागमोडीमुळे हवा अडकते, तो फुगलेला आणि हलका राहतो. सुती धागा घट्ट पिळाचा. त्यात तुम्ही वेण्या घेतल्या. वेणीत टाके एकमेकांवरून जातात, कापड आत ओढलं जातं, तेवढ्याच रुंदीला जास्त टाके आणि जास्त धागा लागतो. हे सगळं वजन खांद्याच्या दोन शिवणींवर लटकतं. मग मुलीने तो धुऊन दोरीवर टाकला. पाणी प्यालेला जाड सुती स्वेटर किती जड होतो ते तुम्हाला सांगायला नको. तिने तो तिच्या टी-शर्टसारखा वाळवला, कारण दोन्ही सुतीच. यात तिचंही काही चुकलं नाही. तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

मग धागा वाईट होता का? तसंही नाही. उलट तिची निवड मला समंजस वाटते. बेंगळुरूच्या थंडीत अंगावर जाड लोकर सोसत नाही, आणि टोचणारी लोकर तिला नकोच होती. टोचण्याचं कारणही साधं आहे. साधारण ३० मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग) जाड तंतूंची टोकं वाकत नाहीत, ती त्वचेला टोचत राहतात. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर अशीच भरड. म्हणून धनगरांचं घोंगडं अंगरख्यावरून, पागोट्यावरून पांघरायला उत्तम. पाऊस अडवतं, वारा अडवतं. पण उघड्या अंगावर त्याचा स्वेटर कुणी घालणार नाही. मेरिनो जातीच्या मेंढीची लोकर २४ मायक्रॉनच्या आत येते, चांगली मेरिनो १९च्याही आत, आणि ती बहुतेकांना टोचत नाही. तुमच्या मुलीने लहानपणी जी लोकर अंगावर सोसली ती कोणती होती, भरड लोकरीची मिसळ होती की काय, कुणास ठाऊक. पुढच्या वेळी तिच्या मानेवर, कॉलरच्या आत, मेरिनोचा एक छोटा तुकडा अर्धा दिवस ठेवायला सांगा. "मला लोकर चालत नाही" हे तिचं मत तेवढ्यात बदलूही शकेल, किंवा पक्कं होईल. दोन्हीत फायदाच.

पत्रातल्या एका वाक्यापाशी मी थांबले. तुम्ही लिहिता, "इतकी वर्षं विणतेय, मला काय नमुन्याचा तुकडा विणून बघायचा?" ताई, तुमचा एवढ्या वर्षांचा अनुभव खरा आहे, पण तो लोकर आणि ॲक्रेलिकवरचा आहे. डोळ्यांना, बोटांना त्या धाग्यांची सवय आहे. सुती धागा हाती आला तेव्हा बोटं तीच होती आणि धागा नवीन होता. अशा वेळी उलट जाणत्या माणसालाच तुकडा विणायची जास्त गरज असते, कारण त्याचा हात आपोआप जुन्या अंदाजाने चालतो. नवशिकी बाई निदान घाबरून मोजते तरी.

तुकडा विणायचा तो १५ सेंटीमीटर लांबी-रुंदीचा विणा, आणि विणून झाला की लगेच मोजू नका. जसा कपडा धुणार तसाच तो धुवा. आडवा वाळवा. मग आतल्या १० सेंटीमीटरमध्ये किती टाके, किती ओळी बसतात ते मोजा. समजा नमुना म्हणतो १० सेंटीमीटरला २२ टाके, आणि छाती १०० सेंटीमीटर हवी, म्हणून तुम्ही एकूण २२० टाके घेतले. धुतल्यावर तुमच्या तुकड्यात २०च टाके बसत असतील तर तेच २२० टाके ११० सेंटीमीटर होतात. नुसत्या डोळ्याला २० आणि २२ यांत फरक दिसतही नाही, पण अंगावर तो चार बोटांचा ढगळपणा असतो. सुती धाग्यासाठी आणखी एक गोष्ट करा. तुकडा वरच्या कडेने दोरीला चिमटे लावून टांगा, खालच्या कडेलाही चार-पाच चिमटे अडकवा आणि रात्रभर तसाच राहू द्या. सकाळी १५चा साडेसोळा झाला, तर ६० सेंटीमीटर उंचीचा स्वेटर ६६ होणार हे धरून चाला आणि उंची आधीच कमी विणा.

सुयांच्या नंबरांतही असाच घोळ होतो. आपल्याकडे जुने नंबर ब्रिटिश पद्धतीचे, म्हणजे नंबर मोठा तर सुई बारीक. ८ नंबर ४ मिलीमीटर, १० नंबर सव्वातीन, १२ नंबर पावणेतीन. अमेरिकन नमुन्यात उलटं, तिथली ८ नंबरची सुई ५ मिलीमीटरची. आता नेटवरून कुठलाही नमुना हाती येतो, म्हणून नंबर सोडून मिलीमीटर बघायची सवय लावलेली बरी. सुती धाग्याला लोकरीपेक्षा एक-दोन नंबर बारीक सुई घ्या आणि बॉर्डरला त्याहूनही बारीक.

आता मुलीबद्दल. ती "छान झालाय" म्हणाली आणि मग दोनदा जॅकेटमध्ये दिसली, एवढ्यावरून तुम्ही तिच्या मनातलं सगळं ठरवून टाकलंत. तिला स्वेटर आवडला नसेल हे शक्य आहे. पण तिच्या खोलीत तो आडवा वाळवायला जागा नसेल, जाड सुती कपडा वाळायला दोन दिवस लागत असतील, बाह्या तळहातावर येत असल्यामुळे लॅपटॉपवर काम करताना अडचण होत असेल, हेही तितकंच शक्य आहे. कदाचित आईने चार महिने खपून केलेला स्वेटर आपल्याच धुण्याने बिघडला या भीतीने ती गप्प असेल. तुम्ही दोघीही एकमेकींचं मन सांभाळायला गप्प आहात, आणि त्या गप्पपणात स्वेटर कपाटात पडून आहे.

तिला "आवडला का?" असं विचारू नका. त्याचं उत्तर ती "हो" हेच देणार. तिला नेमकं विचारा: खांद्यावर जड वाटतो का? बाही किती बोटं मोठी झाली? घरात घालतेस की ऑफिसला? आणि कुठला भाग तुला आवडतो? माझ्या मते असं म्हणता येईल, "अगं, धुतल्यावर तो लोंबायला लागला ना? सुती धागा लोकरीसारखा परत आकसत नाही, आणि नमुना मी लोकरीचा घेतला. दोन्ही एकमेकांना मानवले नाहीत. आता मी त्याचं काहीतरी करणार आहे, पण तुला विचारून." यात तुम्ही धाग्याला वाईट म्हणत नाही, तिच्या निवडीला नावं ठेवत नाही आणि स्वतःच्या हाताचीही माफी मागत नाही. जे झालं तेवढंच सांगता. तुमची मुलगी मोठी आहे, तिला हे कळेल.

आता स्वेटरचं काय करायचं. तुम्ही दोनच वाटा लिहिल्यात, उसवणं किंवा तसाच ठेवणं. मला मधली एक वाट जास्त योग्य वाटते आणि मी तीच सुचवेन: बाह्या काढून त्याचं बिनबाह्यांचं जाकीट करा.

कारण सांगते. तुम्ही जुन्या पद्धतीने पाठ, दोन पुढे आणि दोन बाह्या वेगळ्या विणून शिवल्या आहेत. त्यामुळे बाह्या सोडवणं सोपं आहे, विणलेलं काहीही कापावं लागत नाही. पूर्ण बाह्यांच्या स्वेटरमध्ये दोन बाह्यांचं वजन जवळपास तिसरा हिस्सा असतं. ते गेलं की खांद्यांवरची ओढच कमी होते. बेंगळुरूला कुर्त्यावर, शर्टावर घालायला सुती जाकीट पूर्ण बाह्यांच्या स्वेटरपेक्षा जास्त वेळा बाहेर निघेल. आणि पुढच्या-पाठीवरच्या वेण्या, ज्यांवर तुमच्या बहुतेक दुपारी गेल्या, त्या राहतात.

शिवण उसवताना घाई करू नका. दिवसाच्या उजेडात, शिवणीचा धागा बोथट सुईने वर उचलून तोच कापा. विणीचा टाका कापला गेला तर मात्र त्रास आहे. धाग्याचा रंग एकच असल्यामुळे दोन्ही सारखे दिसतात, म्हणून शिवण आधी दोन्ही बाजूंनी किंचित ताणून बघा. आडव्या शिड्यांसारखा दिसतो तो शिवणीचा धागा.

बाह्या निघाल्यावर पहिलं काम खांद्यांचं. मुलीला तिच्या सगळ्यात चांगल्या बसणाऱ्या कुर्त्याचा खांदा मोजून पाठवायला सांगा, मानेपासून बाहीच्या शिवणीपर्यंत. तेवढ्या लांबीची अर्ध्या इंचाची सुती पट्टी घ्या, शिंप्याच्या सामानाच्या दुकानात मिळते. ती आधी गरम पाण्यात धुऊन घ्या, नाहीतर नंतर आटेल. मग खांद्याच्या शिवणीच्या आतून ती पट्टी टाचा. विणलेला खांदा पट्टीपेक्षा लांब झालेला असेल, तो सगळीकडे सारखा आवळत पट्टीच्या लांबीत बसवा. मागच्या गळ्यालाही, एका खांद्यापासून दुसऱ्यापर्यंत, तशीच पट्टी लावा. पट्टी नको असेल तर आतून क्रोशाने साखळीची एक घट्ट ओळ घातली तरी चालते, पण साडेपाचशे-सहाशे ग्रॅमच्या जाकिटाला मी पट्टीच लावेन. बटणपट्टीलाही आतून पट्टी हवी. सुती स्वेटर पुढून लोंबतो तो तिथूनच.

मुंढ्याला बारीक सुईने टाके उचला. दर चार ओळींमागे तीन टाके, याहून जास्त उचलले तर काठ झालरीसारखा उभा राहतो. पाच-सहा सुया, म्हणजे ओळी, विणा आणि टाके जरा घट्ट बंद करा. एक उलट-एक सुलट घ्यायचा मोह सोडा. प्रत्येक सुई सुलट विणली की जी आडव्या रेघांची वीण येते ती सुती धाग्यात सपाट आणि नीट बसते, तीच घ्या.

खालची पसरलेली बॉर्डर काढायची असेल तर ती सुरुवातीच्या टाक्यांकडून उसवायचा प्रयत्न करू नका, तिकडून ती सरळ उसवत नाही. बॉर्डर जिथे संपते त्याच्या वरच्या ओळीतला एक टाका कापा, त्या ओळीचा धागा टाक्यांतून सोडवत जा आणि मोकळे होणारे टाके लगोलग बारीक सुईवर घ्या. मग खाली विणत जा. पहिल्याच ओळीत प्रत्येक वेणीवर दोन-दोन टाके एकत्र करून कमी करा. वेणीखाली टाके दाटलेले असतात, ते तसेच ठेवले तर काठ परत पसरेल.

हे सगळं केल्यावरही मुलगी म्हणाली की आई, मला हा नको, तर मग उसवा. आणि उसवताना चार महिने पाण्यात गेले असं म्हणू नका. दुपारी विणताना छान वाटायचं हे तुम्हीच लिहिलंय, आणि शाळा सुटल्यानंतरच्या रिकाम्या दुपारी भरल्या गेल्या हे त्या सुतात उरलेलं नसलं तरी तुमच्यात उरलेलं आहे. सुती धाग्याचा इथे एक मोठा गुण आहे. तो लोकरीसारखा एकमेकांत गुंतून आटत नाही, टाके सुटे सुटतात. मोहेरची लवदार लोकर विणून उसवायला घ्या म्हणजे फरक कळेल, त्याची लव अशी अडकते की धागा तुटतो. सुती धागा ओला झाला की उलट मजबूत होतो. उसवत खुर्चीच्या पाठीभोवती लडी करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात भिजवा, पिळून न काढता टॉवेलमध्ये दाबा आणि टांगून वाळवा. वळ्या जातात.

त्या धाग्याचं मग काय करावं? सुती धागा टाक्याची रेघ स्वच्छ दाखवतो, त्याला चमक असते, पाणी पितो. जाळीची वीण, दाणेदार वीण त्यात खुलते. अर्ध्या बाह्यांचा साधा टॉप, बाळाचं दुपटं, पातळ ओढणीवजा शाल, यांत त्याचा जडपणा आड येत नाही. ज्याला धरून ठेवायचं काम आहे, मोजे, घट्ट बॉर्डर, जड वेण्या, ते त्याला सांगू नये.

पत्रात एक ओळ ॲक्रेलिकबद्दल आहे, "आता मुलं ॲक्रेलिक म्हटलं की नाक मुरडतात." मी ॲक्रेलिकच्या बाजूने थोडं बोलेन. शाळेचा स्वेटर, जो रोज मळतो आणि आठवड्याला मशीनमध्ये जातो, त्याला ते ठीक आहे. हलकं आहे, आटत नाही, परवडतं. लुधियानाच्या गिरण्यांनी ते खेड्यापाड्यांतल्या दुकानांत पोचवलं म्हणून आपल्या कित्येक घरांत विणकाम टिकलं. मात्र त्याला इस्त्री किंवा कडक वाफ लावू नका, वीण कायमची लुळी पडते. आणि स्वयंपाकघरात, शेगडीजवळ ते अंगावर नको. पेट घेतलं तर ते वितळून कातडीला चिकटतं.

या पत्रासारखीच निराशा इतर वाचकांनीही कळवली आहे, फक्त धागे वेगळे. एकींनी मशीनमध्ये धुता येणारी महागडी मेरिनो घेतली आणि तरीही स्वेटर गुडघ्याकडे निघाला. या लोकरीच्या तंतूवरचे खवले क्लोरीनने घासून त्यावर पातळ लेप दिलेला असतो. त्यामुळे ती आटत नाही, पण टाकेही एकमेकांना धरून राहत नाहीत, ओली झाली की वाढते. तीही आडवीच वाळवायची आणि तुकडा धुऊनच मोजायचा. दुसऱ्या एका वाचकांनी हाताने रंगवलेल्या, सात रंगांच्या धाग्यात नाजूक पानांची जाळी विणली आणि पानं दिसेचनात. रंग बोलत असतील तर वीण साधी ठेवावी, आणि वीण बोलायची असेल तर धागा एकरंगी, जरा फिकट घ्यावा. तुमच्या वेण्या चपट्या दिसण्यात जसा धाग्यात परत येण्याची ओढ नसल्याचा भाग आहे तसा गडद रंगाचाही असावा, फोटोत धागा जवळजवळ काळा दिसतो.

खरेदी करताना लेबल वाचा. आपल्याकडे दुकानात सगळ्याच गुंड्यांना लोकर म्हणतात, पण आत काय आहे ते लेबलावर असतं. लेबल नसेल आणि शंका असेल तर बोटभर धागा चिमट्यात धरून, पाण्याच्या वाटीवर, काडीने पेटवून बघा. लोकर जळक्या केसांसारखी वास मारते, ज्योत काढली की विझते, राख चुरगळते. कापसाला जळक्या कागदाचा वास येतो आणि मऊ करडी राख उरते. ॲक्रेलिक वितळून काळा कडक मणी होतो. मिसळ असेल तर या खुणाही मिसळतात. लेबलावरचा लॉट नंबरही, म्हणजे एका वेळी रंगवलेल्या गुंड्यांचा नंबर, बघा. रंगाचा नंबर तोच आणि लॉट वेगळा असेल तर पाठीवर पट्टा उमटतो. वेगवेगळ्या लॉटचे गुंडे हाती आलेच, तर दोन सुया एका गुंड्याच्या, दोन सुया दुसऱ्याच्या असं विणत जा, फरक विरघळून जातो.

विणणं थांबवायचं का, या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर नाही असं आहे. पण पुढचा धागा एकटीने किंवा तिच्या एकटीच्या सांगण्यावरून घेऊ नका. ती दिवाळीत घरी येईल तेव्हा दोघी मिळून दुकानात जा. ती रंग आणि स्पर्श बघेल, तुम्ही धागा ताणून, सोडून, परत येतो का ते बघा. मग दोन-तीन प्रकारचे एकेक गुंडे घेऊन घरी तुकडे विणा आणि तिच्याकडूनच धुऊन घ्या, तिच्या रोजच्या पद्धतीने. कुठला धागा तिच्या धुण्याला टिकतो हे तिथेच कळेल. मेरिनो आणि कापूस निम्मा-निम्मा असलेला धागा मिळाला तर तोही एक तुकडा नक्की विणा, तुमच्या दोघींच्या मागण्यांच्या मध्ये तो बसण्यासारखा आहे.

तुमच्याकडे एक किलोतलं जवळपास दीडशे ग्रॅम सूत उरलं असेल. ते आत्ता कशालाही वापरू नका. मुंढ्याचा काठ, खालची नवी बॉर्डर आणि पुढेमागे दुरुस्ती याला तेच लागेल, त्याच लॉटचं. बाह्यांचं सूत निघालं की त्याच्या लडी करून धुऊन ठेवा, आणि जाकीट पाठवताना घडीत एक चिठ्ठी ठेवा: थंड पाणी, पिळायचं नाही, टॉवेलवर आडवं वाळवायचं. तिच्या फ्लॅटमध्ये जागा नसेल तर कपडे वाळवायच्या स्टँडच्या वरच्या दांड्यांवर टॉवेल पसरून त्यावर जाकीट ठेवलं तरी पुरतं.